बोरूच्या बेटातला जांभळा बगळा

बगळा म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो उघड्यावर वावरणारा पक्षी. नांगरामागून भाताच्या खाचरात चालणारा, म्हशीच्या पाठीवर बसणारा, नाही तर तळ्याच्या काठी एका पायावर उभा राहून बकध्यान लावणारा. त्याला लपण्याची गरज वाटत नाही आणि त्याचा पांढरा रंग त्याला लपूही देत नाही. ह्याच कुळातला एक मोठा पक्षी मात्र आपले बहुतेक आयुष्य आडोशात काढतो. तळ्याच्या कडेला बोरू, पाणकणीस, लव्हाळे ह्यांची माणसाहून उंच दाटी माजलेली असते, तिच्या आत त्याचे घर. तळ्यावर रोज जाणाऱ्या माणसालाही तो क्वचितच दिसतो, आणि दिसतो तो बहुधा उडून जाताना. हा जांभळा बगळा. युरोप, आफ्रिका आणि आशिया अशा तीन खंडांत त्याची वस्ती आहे. लिनीयसने १७६६ साली त्याला जे शास्त्रीय नाव दिले, आर्डिआ पुर्पुरिआ, त्यातही हा जांभळा रंग आहेच.

नाव थोडे फसवे आहे. पिकलेल्या जांभळाचा रंग मनात धरून जो ह्या पक्ष्याला शोधायला जाईल, त्याच्या वाट्याला निराशा येईल. पाठ पाटीसारखी करडी, तिच्यावर सावलीत जांभळट वाटणारी छटा. खांदे आणि पोट विटकरी तांबूस. मान तांबूस, आणि तिच्या दोन्ही अंगांनी शाईची रेघ ओढावी तसा काळा पट्टा. डोके काळे, त्यातून मागे लोंबणारी दोन लांब पिसे. चोच पिवळी आणि सुरीसारखी. कोवळ्या पक्ष्यांत हा थाट नसतो. ते सर्वांगी मातकट असतात. हे सारे रंग एकत्र आणले म्हणजे वाळलेल्या बोरूची, त्याच्या सावल्यांची आणि खालच्या काळ्या पाण्याची जी रंगसंगती, तीच पुढे उभी राहते. धोका वाटला तर हा पक्षी मान सरळ वर ताणतो, चोच आकाशाकडे करतो आणि निश्चल होतो. मानेवरचे उभे काळे पट्टे मग बोरूच्या काड्यांत असे मिसळून जातात की दहा पावलांवरून पाहणाऱ्यालाही पक्षी कोठे संपला आणि बोरू कोठे सुरू झाला, हे सांगता येऊ नये.

त्याचा चुलता शोभेल असा राखी बगळा सर्वांच्या ओळखीचा आहे. दोघे उंचीला जवळजवळ सारखे. पण राखी बगळ्याचे वजन दीड-दोन किलोपर्यंत जाते, तर जांभळा बहुधा एका किलोच्या आसपासच राहतो. अंगाने तो शिडशिडीत, मानेने अधिक बारीक, आणि पायाने मात्र मोठा. ही पायाची बोटे पाहण्यासारखी असतात. ती इतकी लांब असतात की उडताना शेपटीमागे त्यांचा जुडगा वेगळा दिसतो, आणि जाणकार माणूस दूरवरूनही त्यावरून पक्षी ओळखतो. ह्या लांबीला कारण आहे. तरंगत्या पानांवर, वाकलेल्या काड्यांवर, अर्धवट कुजलेल्या गवताच्या थरावर भार टाकायचा तर तो पसरून टाकावा लागतो. शिवाय बोरूच्या तीन-चार काड्या एकदम मुठीत धरून त्यांच्या आधाराने उभे राहण्याची युक्ती ह्या बोटांमुळेच त्याला साधते.

मानेचीही अशीच गोष्ट. बगळ्याच्या मानेत वीस-एकवीस मणके असतात आणि त्यांतला सहावा मणका इतरांहून वेगळ्या घडणीचा असतो. त्यामुळे मान नागमोडी दुमडून राहते आणि क्षणार्धात बाणासारखी सुटते. इतर मोठे पक्षी मान ताणून उडतात. करकोचा, क्रौंच ह्यांची ती रीत. बगळा मान मागे घेऊन उडतो, आणि जांभळ्या बगळ्याच्या मानेचा तो झोल इतका खाली उतरतो की घशात काही अडकल्याचा भास व्हावा.

शिकार करताना मात्र बकध्यान खरे ठरते. पहाटे आणि सायंकाळी तो पाण्याच्या कडेला येतो आणि पाऊण-पाऊण तास हालचाल न करता उभा राहतो, किंवा एखादे पाऊल इतके सावकाश टाकतो की पाण्यावर तरंग उमटत नाही. आठ-दहा अंगुळे लांबीचे मासे हे त्याचे मुख्य अन्न. त्याखेरीज बेडूक, पाणकिडे, चतुराच्या पाण्यात राहणाऱ्या अळ्या, शेतातले लहान उंदीर, प्रसंगी पाणसापही. वामेसारखा बुळबुळीत मासा गिळला की पिसांवर चिकट लाळ माखते. त्याची सोय निसर्गाने करून ठेवली आहे. बगळ्याच्या छातीवर एक प्रकारची पिसे असतात, ती झडत नाहीत, टोकाकडून झिजून त्यांची भुकटी होते. पक्षी ती भुकटी अंगाला चोळतो, चिकटपणा तिच्यात शोषला जातो, आणि मग मधल्या बोटाच्या नखाला जे कंगव्यासारखे दाते असतात त्यांनी तो सारे विंचरून काढतो. आपल्याकडे सणासुदीच्या अभ्यंगातही ह्याहून अधिक पद्धतशीरपणा नसतो.

आता घरट्याकडे वळू. युरोपातले जांभळे बगळे एप्रिलच्या सुमारास आपल्या विणीच्या जागी येतात. ह्यात एक पेच आहे, आणि त्या पेचातच ह्या पक्ष्याचे निम्मे भवितव्य सामावलेले आहे. बोरू हे दरवर्षी नव्याने वाढणारे गवत. हिवाळ्यात त्याचा वरचा भाग वाळतो, वसंतात मुळांतून नवे कोंब निघतात, आणि उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत ते पुरुषभर उंच होतात. पण एप्रिलात हे कोंब बोटभरसुद्धा नसतात. पक्ष्याला घरटे बांधायचे असते ते तेव्हाच. म्हणजे त्याला आधार हवा तो ह्या वर्षीच्या हिरव्या बोरूचा नव्हे, तर गेल्या वर्षीच्या, किंबहुना त्याच्याही मागल्या वर्षीच्या वाळून उभ्या राहिलेल्या बोरूचा. तो जर हिवाळ्यात कापला गेला असेल, तर परत आलेल्या पक्ष्यापुढे उघडे पाणी पसरलेले असते. नेदरलँड्समध्ये, फ्रान्सच्या दक्षिणेकडील कामार्ग भागात, आणि इतरत्रही घरे शाकारण्यासाठी बोरू हिवाळ्यात कापण्याची चाल फार जुनी आहे. कापणाऱ्याच्या दृष्टीने स्वच्छ, एकसारखे, दरसाल कापलेले बेट उत्तम. पक्ष्याच्या दृष्टीने तेच ओसाड. हातातला विळा कोणाचे घर मोडतो आहे, हे डिसेंबरात कापणाऱ्याला कसे कळावे? घराचे मालक त्या वेळी चार हजार किलोमीटरांवर असतात.

दुसरी अट पाण्याची. घरट्याखाली पाणी हवे, आणि ते पिले उडेपर्यंत टिकायला हवे. पाणी उतरले की कोल्हा आत शिरतो, रानडुक्कर शिरते, आणि पायाशी आलेले घरटे वाचत नाही. म्हणून हा पक्षी बेटाच्या मध्यावर, काठापासून दूर, खोल पाण्यात उभ्या असलेल्या बोरूची जागा पसंत करतो, आणि बेट जितके मोठे तितकी त्याची वसाहत मोठी. तो एकटा क्वचित राहतो. पाच-दहा जोड्यांपासून शंभरापर्यंत जोड्या जवळजवळ घरटी करतात. नर काड्या आणून देतो, मादी त्या रचते. भोवतालचे उभे बोरू मोडून आत वाकवले जातात आणि त्यांवर वाळक्या काड्यांचा माचा तयार होतो. त्यात निळसर हिरवी चार-पाच अंडी.

अंडी एका दिवशी घातली जात नाहीत, आणि मादी शेवटच्या अंड्याची वाट न पाहता उबवायला बसते. नरही तिच्या जोडीने पाळीपाळीने बसतो. सुमारे सव्वीस दिवसांनी पहिले पिलू बाहेर येते. शेवटचे येते ते कित्येक दिवसांनी. घरट्यात मग लहानमोठ्या पिलांची उतरंड लागते. आईबापांनी पोटातून वर काढलेल्या अन्नावर सर्वांत मोठे पिलू आधी तुटून पडते, आणि सर्वांत धाकट्याच्या वाट्याला उरले तर येते. मासे मुबलक असतील त्या वर्षी पाचही जगतात. टंचाईच्या वर्षी धाकटी एक-दोन उपाशी मरतात, पण थोरली धडधाकट राहतात. माणसाच्या मनाला ही व्यवस्था निष्ठुर वाटते. परंतु सर्वांनी सारखे वाटून घेतले असते तर टंचाईत पाचही अर्धपोटी मेली असती, हाही हिशेब विसरून चालत नाही. तीन आठवड्यांची झाली की पिले घरट्याबाहेर काड्याकाड्यांवरून चढउतार करू लागतात, आणि सात आठवड्यांच्या सुमारास उडतात.

नेदरलँड्समध्ये ह्या पक्ष्याच्या घराचा प्रश्न पूर्वीच उभा राहिला होता. आम्स्टरडॅमजवळ नार्डरमेर नावाचे तळे आहे, बोरूने वेढलेले, चमचे बगळे आणि जांभळे बगळे ह्यांच्या वसाहतींसाठी प्रसिद्ध. १९०४ साली आम्स्टरडॅम नगरपालिकेपुढे असा प्रस्ताव आला की शहराचा केरकचरा ह्या तळ्यात टाकून ते भरून काढावे. प्रस्ताव नामंजूर झाला खरा, पण तो पुन्हा येणार नाही ह्याची हमी कोण देणार? याक. पी. थेसे हे शिक्षक आणि निसर्गलेखक पुढे झाले. १९०५ साली एक संस्था स्थापन झाली आणि १९०६ साली तिने ते तळेच विकत घेतले. त्या देशातल्या निसर्गरक्षणाचा आरंभ ह्या खरेदीपासून मानतात. त्यानंतरच्या काळात इतरही तळी आणि दलदली रक्षणाखाली आल्या. घर राखले, की पक्षी राहणार, असा सरळ हिशेब होता.

तो हिशेब १९७० च्या दशकात चुकला. त्या दशकाच्या आरंभी नेदरलँड्समध्ये जांभळ्या बगळ्यांच्या सुमारे नऊशे जोड्या होत्या. पुढे त्या कमी होऊ लागल्या, आणि १९८० चे दशक सरेपर्यंत निम्म्याहूनही खाली आल्या. बोरूची बेटे मात्र जागच्या जागी होती. राखलेल्या तळ्यांतही घरटी रोडावली होती. आईबाप पिलांना खाऊ घालीत होते, पिले उडत होती, ऑगस्ट-सप्टेंबरात सारे निघून जात होते, आणि पुढल्या एप्रिलात परत येणाऱ्यांची संख्या घटलेली असे. चोरी घरात होत नव्हती. वाटेवर किंवा परगावी होत होती.

इथे ह्या पक्ष्याच्या प्रवासाची हकीकत सांगायला हवी. पिले उडू लागली की प्रथम ती वाट फुटेल तिकडे भटकतात, उत्तरेकडेसुद्धा. मग ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दक्षिणेची ओढ लागते. लहान थवे सूर्यास्ताच्या सुमारास तळ्यावरून उठतात, वर घिरट्या घेतात आणि अंधारात निघून जातात. करकोचा किंवा गरुड उन्हाने तापलेल्या हवेच्या झोतावर तरंगत जातात, म्हणून त्यांना दिवस लागतो आणि समुद्र टाळावा लागतो. जांभळा बगळा पंख मारीत उडतो. त्याला रात्र चालते, समुद्रही चालतो. भूमध्य समुद्र ओलांडल्यावर सहारा येते. ते वाळवंट ह्या मार्गावर दीड-दोन हजार किलोमीटर रुंद आहे, आणि तळ्याच्या पक्ष्याला त्यात उतरण्याजोगी जागा जवळजवळ नाही. पायात खुणेचे कडे अडकवलेल्या पक्ष्यांनी ही वाट पूर्वीच उघड केली होती. एकविसाव्या शतकात पाठीवर लहानसा प्रक्षेपक बांधून सोडलेल्या पक्ष्यांचा माग उपग्रहांनी काढला, आणि हे पक्षी मोठमोठे टप्पे न थांबता उडून पार करतात हे दिसून आले.

वाळवंट संपते तेथे साहेल नावाचा पट्टा लागतो. वर्षातले आठ-नऊ महिने कोरडा, खुरट्या बाभळींचा आणि गुराख्यांचा हा प्रदेश. पाणपक्षी तिथे हिवाळा काढतो, ही गोष्ट प्रथम ऐकताना खरी वाटत नाही. तिचे रहस्य नद्यांत आहे. नायजर नदी गिनीच्या डोंगरांत, अटलांटिक समुद्रापासून फार लांब नसलेल्या ठिकाणी उगम पावते. पण समुद्राकडे न जाता ती पाठ फिरवून ईशान्येला थेट सहाराच्या तोंडी जाते, आणि टिंबक्टूपाशी वळून मग खाली उतरते. त्या वळणाआधी माली देशात सपाट भूमीवर तिला शेकडो फाटे फुटतात. जून ते सप्टेंबर गिनीत जो पाऊस पडतो, त्याचे पाणी हळूहळू इथे येऊन पोहोचते. स्थानिक पाऊस थांबलेला असतो, आकाश निरभ्र असते, आणि जमिनीवर मात्र पाणी चढत जाते. मोप्ती शहराजवळ पूर ऑक्टोबर-नोव्हेंबरात कमाल पातळी गाठतो. चांगल्या वर्षी वीस हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास भूमी पाण्याखाली जाते. बुर्गू नावाचे तरंगते गवत तिच्यावर माजते, त्याच्या आडोशाला मासे वाढतात. आणि नेमक्या ह्याच वेळी युरोपातून बगळे येऊन उतरतात. पुढे पाणी ओसरू लागते, मासे उथळ डबक्यांत अडकतात, आणि परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवण्याची सोय होते. सेनेगल नदीचेही, थोड्या लहान प्रमाणावर, असेच आहे.

आता १९६८ ते १९७३ ही वर्षे आठवावी. साहेलमध्ये त्या काळात जो दुष्काळ पडला, त्याने लाखो गुरे मेली आणि माणसे देशोधडीला लागली. जगभरच्या वर्तमानपत्रांतून ती छायाचित्रे आली होती. १९८३-८४ साली तशीच आपत्ती पुन्हा ओढवली. १९८४ साली नायजरचा पूर चांगल्या वर्षाच्या निम्म्यापर्यंतही पोहोचला नाही. डच संशोधक देन हेल्ड ह्यांनी १९८१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. नेदरलँड्समधील घरट्यांची दरसालची मोजणी त्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या अवर्षणाशी ताडून पाहिली होती. कोरड्या वर्षामागून येणाऱ्या वसंतात घरटी कमी, ओल्या वर्षामागून येणाऱ्या वसंतात अधिक, असा मेळ त्यांना आढळला. दोन वर्षांनी, १९८३ साली, काव्हे ह्या संशोधकांनी कडे घातलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूच्या नोंदी घेऊन तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने तपासला. पक्षी जगण्याचे प्रमाणच अवर्षणाबरोबर खाली जाते, असे त्यांतून निघाले.

शास्त्रात दोन आकडे बरोबरीने वरखाली होतात म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हे खरे. पण इथे कारण डोळ्यांना दिसण्याजोगे होते. पूर लहान आला की मासे कमी निपजतात. उरलेल्या थोड्या पाण्यावर सारे पक्षी दाटीने जमतात आणि एकमेकांच्या तोंडचा घास काढतात. त्याच पाण्यावर माणसेही जमतात, कारण दुष्काळात त्यांनाही दुसरे काही नसते. आणि जाळ्यात सापडलेला बगळा हे अन्न आहे, विकता येणारा माल आहे. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण तो भरल्या पोटीच देता येतो. शेवटी जे पक्षी जगले, त्यांना पुरेशी चरबी न साठवता मार्चमध्ये वाळवंटावर झेप घ्यावी लागते.

राखी बगळ्याशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. इंग्लंडमध्ये राखी बगळ्याच्या घरट्यांची मोजणी १९२८ सालापासून चालू आहे. कोणत्याही पक्ष्याच्या इतक्या दीर्घ काळच्या अखंड नोंदी जगात थोड्या. राखी बगळा तिथे बव्हंशी हिवाळाभर राहतो. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात तळी, कालवे गोठले, आणि पुढच्या वसंतात त्याची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. त्याचा शत्रू बर्फ. जांभळा बगळा बर्फ पडण्याआधीच निघून जातो आणि त्या संकटातून सुटतो; पण सुटून तो जातो दुसऱ्या संकटाच्या दारात. एकाचे मरण घरी, दुसऱ्याचे परदेशी.

१९९० नंतर साहेलचा पाऊस काही अंशी सुधारला. नेदरलँड्समध्ये घरटी वाढू लागली, आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत ती बरीचशी पूर्वीच्या संख्येजवळ आली. २०१० साली तर इंग्लंडच्या आग्नेय टोकाला डंजनेस येथे एका जोडीने घरटे करून पिले वाढवली. त्या देशातली ही पहिलीच नोंदलेली वीण. ह्याचे श्रेय सगळे पावसाला द्यावे काय? तसे करणे अन्यायाचे होईल. मधल्या काळात डच तळ्यांवर जुना बोरू काही पट्ट्यांत न कापता ठेवण्याची पद्धत रुजली होती. आल्ब्लासरवार्ड भागातल्या झौवेबूजेम वसाहतीतले पक्षी भोवतालच्या कुरणांतल्या चरांवर, कित्येक किलोमीटर दूर, मासे पकडायला जातात हे कळल्यावर त्या चरांच्या पाण्याचीही काळजी घेतली जाऊ लागली. पाऊस परतला तेव्हा परतणाऱ्या पक्ष्यांना उतरायला जागा शिल्लक होती, एवढे तरी मान्य करावे लागते.

साहेलच्या पाण्यावर आता केवळ आकाशाची सत्ता उरलेली नाही. सेनेगल नदीच्या मुखाजवळ दियामा येथे १९८६ साली धरण पुरे झाले, आणि माली देशात मनंताली येथे १९८८ साली. समुद्राचे खारे पाणी अडले, नदी बारमाही गोडी झाली, भातशेतीला पाणी मिळाले. परंतु पूर येणे आणि ओसरणे हा जो नदीचा श्वासोच्छ्वास, तो मंदावला. मुखाकडच्या प्रदेशात पाणकणीस बेसुमार माजले. बगळ्याला पाणकणीस हवे हे खरे, पण मैलोन् मैल सलग, आत मोकळे पाणी नसलेले पाणकणीस त्याच्याही उपयोगाचे नाही; कोळ्यांच्या होड्यांना तर ते वैरी. जूज येथील अभयारण्य, जे १९७१ साली स्थापन झाले आणि १९८१ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेथे आता पाणी दारांतून मोजून सोडावे लागते. नायजरवर मार्काला येथे १९४७ पासून बंधारा आहे, आणि वर नव्या धरणांच्या योजना निघतच असतात. वीज आणि भात मागणारी माणसे काही चुकीचे मागत नाहीत. मात्र खालच्या अंगाला पुरावर जगणारे कोळी, गुराखी आणि बुर्गूची शेती करणारे ह्यांचेही पोट त्याच पाण्यावर आहे, आणि बगळ्याचे हित ह्या लोकांच्या हिताशी बांधलेले आहे, राजधानीतल्या विजेच्या दिव्यांशी नव्हे.

भारतातला जांभळा बगळा ह्याच जातीचा, पण मनिलेन्सिस ह्या पौर्वात्य उपजातीचा. मानेचा पुढचा भाग त्याच्यात कमी रेघाळ असतो; एरवी पाहणाऱ्याला फरक जाणवू नये. समुद्र आणि वाळवंट ओलांडण्याची पाळी आपल्याकडल्या पक्ष्यावर येत नाही. तो बहुतांशी इथेच राहतो आणि पाण्यामागून हिंडतो. तळे आटले की उठून दुसऱ्या तळ्यावर. गोव्यात करमळीचे तळे, बडोद्याजवळ वढवाणा, इंदूरला सिरपूरचा तलाव, नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वर, ह्या ठिकाणी सकाळच्या प्रहरी पाणकणसाच्या कडेला धीराने बसणाऱ्याला तो दिसतो. त्यातही मौज अशी की ही बहुतेक तळी माणसांनी बांधलेली. शेतीसाठी नाही तर पिण्यासाठी अडवलेल्या पाण्याच्या उथळ कडेला पाणकणीस आपोआप उगवले, आणि बगळा त्यात येऊन राहिला. हे पाणकणीस शहराजवळच्या तळ्यांत घाण म्हणून उपटले जाते; काठ दगडांनी बांधून काढले, फिरायला रस्ता झाला, की तळे सुंदर झाले असे मानण्याची रीत पडली आहे. राखी बगळा अशा तळ्यावरही दगडावर उभा राहून निभावतो. जांभळा मात्र काठाच्या बांधकामाबरोबरच नाहीसा होतो.

विणीचा काळही इथे पावसाने ठरवलेला. उत्तर भारतात जून ते ऑक्टोबर, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर; दक्षिणेत नोव्हेंबर ते मार्च, ईशान्येकडचा पाऊस तळी भरून गेल्यावर. बोरूची दाटी मिळाली तर घरटे बोरूत. न मिळाली तर पाण्यात उभ्या असलेल्या बाभळीसारख्या झाडांवर, इतर बगळे आणि पाणकावळे ह्यांच्या शेजारी. युरोपात ज्या अटीवर तो अडून बसतो, ती इथे तो थोडी सैल करतो. पाण्याची अट मात्र कोठेच सुटत नाही. झाड असले तरी ते पाण्यात उभे हवे, आणि पिलांना पंख फुटेपर्यंत, म्हणजे अंडे घातल्यापासून सुमारे अडीच महिने, खालचे पाणी टिकायला हवे.